पाटीवर नेमके काय लिहायचे? : शालेय समुपदेशनाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात दहावीनंतरच्या शाखानिवडीविषयी लिहिताना ‘शाळेतील समुपदेशकाला आधी भेटावे’ असे एक वाक्य ओघात लिहिले गेले. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी समुपदेशकाला कसे भेटायचे हे विचारलेले नाही. समुपदेशक कसे व्हायचे हे विचारले आहे. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत अकरा वर्षांपासून मराठी आणि इतिहास शिकवते. इतिहासात बीए आणि त्यानंतर बीएड केले आहे. वर्गशिक्षिका म्हणून मुलींच्या घरच्या अडचणी माझ्यापर्यंत येतात आणि आता पूर्णवेळ समुपदेशनाकडे वळावे असे वाटते. एका संस्थेचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. रोज दोन तास वर्ग, शुल्क 35,000 रुपये, आणि शेवटी छायाचित्रासह ‘परवानाधारक शालेय समुपदेशक’ असे ओळखपत्र मिळते. हा परवाना शाळा मान्य करतील का?
— एक शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ते पैसे वाचवावेत. भारतात ‘शालेय समुपदेशक’ या नावाचा परवाना कोणतीही शासकीय यंत्रणा देत नाही, आणि जो परवाना मुळात नाही तो वाटण्याचा अधिकार खासगी संस्थेकडे कोठून येणार? वकिलाला सनद लागते, डॉक्टरला वैद्यकीय परिषदेची नोंदणी लागते, वर्गात उभे राहण्यासाठी आपणही बीएड केले. परंतु मुलाच्या मनाशी ज्याचा रोजचा संबंध येणार त्याच्यासाठी मात्र अशी एक ठरलेली खिडकी नाही. या मोकळ्या जागेत अनेक दुकाने उभी राहिली आहेत.

कायदे मात्र आहेत, आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढचा मार्ग दिसत नाही. पहिला 1992 चा भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट), पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक अशा व्यावसायिकांची नोंदणी या परिषदेकडे होते, आणि परिषदेच्या कक्षेतील काम नोंदणीशिवाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसरा 2017 चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम. ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोणाला म्हणायचे हे तो ठरवतो आणि त्यात शाळेतील समुपदेशक आपोआप बसत नाही. तिसरा 2021 चा, सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा. याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्यविज्ञान असा एक गट आहे आणि त्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वगळून इतर मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते, विविध प्रकारचे समुपदेशक यांचा समावेश आहे. उद्या या क्षेत्रात खरी नोंदणी आली तर ती याच दाराने येईल, असे माझे मत आहे. या कायद्याने सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान 2,000 तासांचे शिक्षण गृहीत धरले आहे, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान 3,600 तासांचे. सहा आठवडे, रोज दोन तास, रविवारीसुद्धा वर्ग भरला असे धरले तरी आपल्या त्या अभ्यासक्रमाचे 84 तास होतात.

मग शाळा कोणाला नेमतात? हे त्या त्या मंडळावर आणि व्यवस्थापनावर अवलंबून असते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या 2018 च्या संलग्नता नियमावलीने माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांना समुपदेशक व स्वास्थ्य शिक्षक नेमण्यास सांगितले. त्यासाठी मानसशास्त्रातील पदवी वा पदव्युत्तर पदवी, किंवा बालविकासातील पदव्युत्तर पदवी, किंवा कोणत्याही पदवीसोबत करिअर मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका अशी अर्हता धरली. नियमावलीत वेळोवेळी सुधारणा होतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी चालू आवृत्ती पाहून घ्यावी. केंद्रीय विद्यालये समुपदेशकाला कंत्राटी पद्धतीने, शैक्षणिक वर्षापुरते घेतात; देवळाली, नाशिक रोड आणि ओझर येथील विद्यालयांच्या थेट मुलाखतींच्या जाहिरातींत मानसशास्त्र विषयासह पदवी आणि समुपदेशनाचे प्रमाणपत्र अथवा पदविका ही अट आढळेल. आपल्यासारख्या अनुदानित शाळेत अडचण निराळी आहे. संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला मंजूर झालेल्या पदांच्या, तक्त्यात मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक, शिपाई यांचे रकाने असतात. समुपदेशकाचा स्वतंत्र रकाना सहसा नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनेही सहावी ते आठवीसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्या अंशकालीन निदेशकांची तरतूद केली, समुपदेशकाची केली नाही.

हे चित्र बदलू शकेल असा एक निर्णय 25 जुलै 2025 रोजी आला. विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने बाल व किशोर मानसिक आरोग्याचे दाखवता येण्याजोगे प्रशिक्षण घेतलेला किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा अथवा त्याची सेवा घ्यावी, असे त्यांत म्हटले आहे. योग्य कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत. त्यातील ‘दाखवता येण्याजोगे प्रशिक्षण’ हे शब्द नीट लक्षात ठेवावेत. ओळखपत्र दाखवता येते, प्रशिक्षण म्हणजे त्यापलीकडचे काही.

आपल्याला हातातील बीएड वाया न घालवता जाता येईल असा मार्ग म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेचा, म्हणजे एनसीईआरटीचा, मार्गदर्शन व समुपदेशन पदविका अभ्यासक्रम. तो एक वर्षाचा आहे. पहिले सहा महिने घरी राहून दूरस्थ पद्धतीने अभ्यास, पुढचे तीन महिने केंद्रावर प्रत्यक्ष उपस्थिती आणि शेवटचे तीन महिने स्वतःच्या गावी इंटर्नशिप अशी त्याची रचना आहे. महाराष्ट्र ज्या पश्चिम विभागात येतो त्याची प्रादेशिक शिक्षण संस्था भोपाळला आहे. नाशिक रोडला रात्री पंजाब मेलमध्ये बसले की सकाळी भोपाळ. अंतर फारसे नाही, तीन महिन्यांची रजा मात्र मोठी आहे. म्हणून अर्ज करण्याआधी मुख्याध्यापकांशी नव्हे, तर आपली शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांशी बोलावे आणि रजेचा व ना-हरकत पत्राचा विषय लेखी मार्गी लावावा. हुशार शिक्षक प्रवेश मिळूनही याच टप्प्यावर अडकलेले मी पाहिले आहेत. (इंटर्नशिपसाठी शक्यतो स्वतःची शाळा निवडू नये. जिने काल गृहपाठ न केल्याबद्दल उभे केले त्याच बाईंसमोर आज मन मोकळे करणे मुलांना जमत नाही.)

आपल्या मनात दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्रात एमए करण्याचा विचार असेल, तर तो आता सोडावा लागेल. पूर्वी नोकरी सांभाळून हे करणारे शेकडो शिक्षक होते. परंतु 2021 च्या कायद्याच्या कक्षेत येणारे विषय मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यासाठी नवे प्रवेश देऊ नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून ठरवले, आणि त्या विषयांत मानसशास्त्र आहे. म्हणजे एमए करायचे तर महाविद्यालयात बसूनच. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. पदवीला मानसशास्त्र नसताना प्रवेश मिळेल का, हे त्या त्या विभागात जाऊन विचारावे, दूरध्वनीवर मिळालेल्या उत्तरावर विसंबू नये. दिंडोरी रस्त्यावरचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ समुपदेशकांची नोंदणी करते, असा समज काही पत्रांत दिसला. विद्यापीठाचे काम शिकवण्याचे, परीक्षा घेण्याचे आणि पदवी देण्याचे; व्यवसायाची नोंदणी ही परिषदांची बाब आहे.

प्रश्न : मी समुपदेशन मानसशास्त्रात एमए केले असून जूनपासून एका खासगी शाळेत काम करते. शाळेने माझ्या खोलीवर ‘चाइल्ड सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावली आहे. मुख्याध्यापिका मला मुलांची बुद्धिमापन चाचणी घेऊन ‘या मुलाला अध्ययन अक्षमता आहे’ असे लिहून द्यायला सांगतात, म्हणजे पालकांना लवकर कळवता येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. नकार दिला तर नोकरीवर परिणाम होईल. मी काय करावे?
— एक समुपदेशिका, कॉलेज रोड

उत्तर : आपले पत्र वाचताना माझ्या नोकरीचे पहिले वर्ष आठवले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शहरातील एका शाळेत मला जी खोली मिळाली होती तिच्या अर्ध्या भागात लेझीम आणि उंच उडीची गादी ठेवलेली असे. तेथे सातवीतला एक मुलगा पाठवला गेला. वर्गात लक्ष नाही, सूचना पाळत नाही, श्रुतलेखनात निम्मे शब्द गाळतो, अशी तक्रार होती. मी त्याला समोर बसवले, दोन चाचण्या घेतल्या आणि अहवालात ‘अवधान न्यूनता’ असे निदान ठोकून दिले. शब्द भारदस्त होता आणि तो लिहिताना मला बरेही वाटले. त्या मुलाला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हते, हे पुढच्या वर्षी त्याच्या मामांनी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेले तेव्हा समजले. वर्गात तो खिडकीकडच्या रांगेत बसे आणि बाईंचे टेबल त्याच्या उजव्या हाताला होते. माझ्या खोलीत तो माझ्या समोर, तीन फुटांवर बसल्यामुळे त्याला माझे सगळे ऐकू येत होते. वर्गात जाऊन तो कोठे बसतो एवढे मी पाहिले असते तरी पुरे होते. त्या अहवालाची प्रत शाळेच्या कपाटात राहिली आणि नंतरच्या प्रत्येक वर्गशिक्षकाने ती वाचली.

तेव्हा आपली कामे आणि आपली नसलेली कामे यांच्यातील रेषा स्पष्ट असू द्यावी. मुलाचे निरीक्षण करणे, वर्गात जाऊन पाहणे, पालकांशी आणि शिक्षकांशी बोलून माहिती गोळा करणे, आपण ज्यांचे प्रशिक्षण घेतले आहे त्या चाळणी चाचण्या वापरणे, मुलासोबत नियमित सत्रे घेणे आणि गरज दिसताच पुढे पाठवणे ही आपली कामे. निदान करणे आणि प्रमाणपत्र देणे ही आपली कामे नाहीत. विशिष्ट अध्ययन अक्षमता ही 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात समाविष्ट आहे. तिचे प्रमाणपत्र शासनाने प्राधिकृत केलेल्या रुग्णालयातील वैद्यकीय यंत्रणाच देते, आणि परीक्षेतील सवलतींसाठी मंडळाला तेच लागते. आपण लिहून दिलेला कागद पालकांना काही काळ दिलासा देईल, पण दहावीचा अर्ज भरताना त्याचा काडीचा उपयोग होणार नाही. मुख्याध्यापिकांना नकार देण्याऐवजी हेच सांगावे. ‘मी लिहून देत नाही’ या वाक्यापेक्षा ‘माझा कागद मंडळ स्वीकारणार नाही, त्यात मुलाचे वर्ष जाईल’ हे वाक्य लवकर पटते. अहवालात ‘वाचनाचा वेग वर्गाच्या तुलनेत कमी आढळला, जोडाक्षरे गाळतो, सविस्तर तपासणीची शिफारस’ असे जे पाहिले तेच लिहावे.

पाटीविषयी. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेण्यासाठी पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले शिक्षण आणि तिच्या नोंदवहीत नाव लागते. आतापर्यंत हा मार्ग मुख्यतः दोन वर्षांच्या एमफिलचा होता. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एमफिल बंद होत असल्याने परिषदेने त्याऐवजी नवे अभ्यासक्रम आणले आहेत. आपल्याला पुढे त्या बाजूला जायचे असेल तर प्रवेशापूर्वी त्या संस्थेला परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्याच यादीत पाहावे. सध्या मात्र पाटी बदलून घ्यावी. ‘शालेय समुपदेशक’ आणि खाली पदवी, एवढे पुरेसे आहे. त्या इंग्रजी पाटीवर विश्वास ठेवून एखादे पालक औषधांविषयी विचारतात, एखादे न्यायालयात सादर करण्यासाठी पत्र मागतात, आणि तेव्हा माघार घेणे अवघड होते.

दोन गोष्टी आपण विचारलेल्या नाहीत, तरी सांगतो. मुले ‘कोणाला सांगणार नाही ना?’ असे विचारतात, तेव्हा सरसकट ‘नाही’ म्हणू नये. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम 21 खाली गुन्हा आहे. मुख्याध्यापिकांच्या कानावर घातले म्हणजे कर्तव्य संपले, असे होत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत, मुलाच्या वयाला समजेल अशा भाषेत, ‘तुला किंवा दुसऱ्या कोणाला इजा होण्यासारखे असेल तर मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल, पण तुला सांगूनच घेईन’ असे बोलून ठेवावे. दुसरी गोष्ट नोंदींची. सत्रांच्या नोंदी मुलाच्या सामान्य नोंदपत्रकाबरोबर ठेवू नयेत. कुलूप असलेले वेगळे कपाट शाळेकडे मागावे आणि किल्ली आपल्याकडे ठेवावी. कपाट मिळायला वर्ष लागले तर ते वर्षभर नोंदींत मुलाचे नाव न घालता क्रमांक घालावा.

एमए झाले म्हणजे प्रशिक्षण झाले, असेही समजू नये. महिन्यातून दोनदा तरी एखाद्या अनुभवी व्यक्तीसमोर आपली प्रकरणे मांडण्याची, म्हणजे पर्यवेक्षणाची, व्यवस्था स्वखर्चाने का होईना, करावी. हे करणारी माणसे आपल्या शहरात आहेत, ती जाहिरात करत नाहीत एवढेच. आपल्या विभागातील प्राध्यापकांना विचारले तर दोन-तीन नावे नक्की मिळतील.

प्रश्न : माझी मुलगी मानसशास्त्रात एमए असून लग्नानंतर अमेरिकेत गेली आहे. तेथे शाळेत समुपदेशक होण्यासाठी परवाना लागतो असे ती सांगते. तिची येथील पदवी चालेल का?
— एक निवृत्त कर्मचारी, ओझर

उत्तर : आपली मुलगी बरोबर सांगते. तेथे शाळेतील समुपदेशकासाठी खराखुरा परवाना आहे, फक्त तो देश देत नाही, राज्य देते. आणि बहुतेक ठिकाणी राज्याचा शिक्षण विभाग किंवा शिक्षकांना प्रमाणित करणारे मंडळ तो देते. त्यामुळे ती ज्या राज्यात राहते त्या राज्याच्या अटी हाच पहिला वाचनाचा कागद. सर्वसाधारणपणे शालेय समुपदेशनातील किंवा त्याला समकक्ष पदव्युत्तर पदवी, देखरेखीखालचे प्रत्यक्ष काम, पार्श्वभूमी तपासणी आणि अनेक राज्यांत एक लेखी परीक्षा असे टप्पे असतात. काही राज्ये वर्गात शिकवण्याचा अनुभवही मागतात.

येथील एमए मूल्यमापनानंतर पदवी म्हणून ओळखली जाऊ शकते, पण बहुधा तेवढ्यावर परवाना मिळणार नाही. अडचण प्रत्यक्ष कामाच्या तासांत येते. समुपदेशन अभ्यासक्रमांना मान्यता देणारी तेथील संस्था, काकरेप, हिच्या मानकांनुसार विद्यार्थ्याला 100 तासांचा प्राथमिक सराव आणि त्यानंतर 600 तासांची इंटर्नशिप करावी लागते. त्या 600 पैकी किमान 240 तास थेट विद्यार्थ्यांबरोबरच्या कामाचे असावे लागतात. आपल्याकडील एमएच्या गुणपत्रिकेत असे तास मोजून लिहिलेले नसतात. तिने येथील विभागाकडून अभ्यासक्रमाची सविस्तर प्रत आणि प्रात्यक्षिकांचा तपशील विद्यापीठाच्या शिक्क्यासह मागवून ठेवावा. हे काम आपण येथे राहून करू शकता, आणि पुण्याला एक-दोन खेपा होतील हे गृहीत धरावे. आणखी एक फरक तिला सांगावा. तेथे खासगी समुपदेशनासाठीचा परवाना आणि शाळेतील समुपदेशकाचा परवाना हे वेगळे असतात. एकासाठीचा अभ्यासक्रम निवडून दुसऱ्याची अपेक्षा धरली तर वेळ आणि पैसा दोन्ही जातात. तेथील शालेय समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना एका समुपदेशकामागे 250 विद्यार्थी असावेत अशी शिफारस करते. हा आकडा वाचून येथील समुपदेशकांना जे वाटते ते मी येथे लिहीत नाही.

प्रश्न : आमची निवासी आश्रमशाळा पेठ तालुक्यात आहे. मुले तीनशेच्या वर आहेत. शंभरपेक्षा अधिक मुले असल्यास समुपदेशक हवा असे वाचले, परंतु येथे यायला कोणी तयार नाही. तोपर्यंत आम्ही काय करावे?
— एक मुख्याध्यापक

उत्तर : सेवा घेणे म्हणजे पूर्णवेळ नेमणूकच, असे सर्वोच्च न्यायालयाने वर सांगितलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलेले नाही. प्रकल्प कार्यालयामार्फत आसपासच्या तीन-चार आश्रमशाळांनी मिळून एकच समुपदेशक ठरावीक वारी बोलवावा, असा प्रस्ताव आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पाठवावा; ते आपल्या नाशिकलाच असल्याने पाठपुरावा सोपा आहे. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि बालकांबरोबरच्या कामाचे प्रशिक्षण असलेली व्यक्तीही निकषात बसते, त्यामुळे केवळ मानसशास्त्रवाल्यांची वाट पाहू नये. निवड करताना उमेदवाराला मुलांची घरची बोली समजते का, हे पदवीइतकेच गांभीर्याने पाहावे.

त्याच तत्त्वांत शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे आणि धोक्याची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे आहे. त्यात अधीक्षक, अधीक्षिका आणि स्वयंपाकघरातील मावशींना आवर्जून बसवावे. कोणते मूल दोन दिवस जेवलेले नाही हे सर्वांत आधी त्यांनाच कळते. निवासी संस्थांसाठी सुरक्षित छतपंखे आणि गच्चीवर जाण्यास मज्जाव याही सूचना आहेत, त्यांची पूर्तता झाल्याची नोंद ठेवावी.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या शासकीय दूरध्वनी सेवेचा 14416 आणि चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा 1098 हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावेत. टेली-मानसवर मराठीतून बोलता येते. मात्र वसतिगृहातील मुलांजवळ फोन नसतो आणि कार्यालय संध्याकाळी बंद होते, हे लक्षात घेऊन रात्री फोन कोणाकडे असेल आणि कोणत्या दारावर थाप मारायची, तेही त्याच भिंतीवर, क्रमांकांच्या खाली लिहावे.